कोळंबीच्या काचपेटीतील पाणी आणि रासायनिक गाळण माध्यमे : नवी मुंबईच्या संदर्भात

प्रस्तावना

घरगुती काचपेटीत शोभेच्या माशांप्रमाणेच गोड्या पाण्यातील लहान कोळंबीही पाळली जाते. 'चेरी' या नावाने परिचित असलेली निओकॅरिडिना डेव्हिडी ही पूर्व आशियातील जाती त्यांपैकी प्रमुख होय. माणसास पिण्यायोग्य ठरलेले पाणी या जीवास मानवेलच असे नाही. ही तफावत भरून काढण्यासाठी रासायनिक गाळण माध्यमांचा उपयोग होतो. प्रस्तुत लेखात या माध्यमांचे कार्य व त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

नळाचे पाणी व कोळंबी

नवी मुंबई महानगरपालिकेस खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून पाणी मिळते. भोकरपाडा येथील केंद्रात शुद्ध होऊन ते नळावाटे घरोघरी येते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मि.ग्रॅ. प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे. रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारा हाच क्लोरीन कोळंबीचे कल्ले व काचपेटीतील उपयुक्त जीवाणू या दोहोंस अपायकारक ठरतो.

तांब्याची बाब अधिक गंभीर आहे. याच मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा ०.०५ आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मि.ग्रॅ. प्रतिलिटर इतकी आहे. कोळंबीच्या रक्तातील प्राणवायुवाहक हीमोसायनिन स्वतः ताम्रयुक्त असले, तरी पाण्यातील अतिरिक्त तांबे तिच्या कल्ल्यांचे कार्य बिघडविते. म्हणून तांब्याच्या हंड्यात साठविलेले अथवा गीझरमधून आलेले पाणी काचपेटीत वापरू नये. माशांवरील ताम्रयुक्त औषधेही वर्ज्य समजावीत.

प्रमुख माध्यमे

(१) सक्रियित कार्बन : नारळाच्या करवंटीपासूनही तयार होणाऱ्या या कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत सेंद्रिय द्रव्ये अधिशोषित होतात. पाण्याचा पिवळेपणा, औषधांचे अवशेष व क्लोरीन तो काढून टाकतो. डासनाशक फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशके कोळंबीस अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. त्यांचा अंश कमी करण्यासही त्याचे साहाय्य होते. तथापि, अमोनिया त्याच्याकडून दूर होत नाही.

(२) झिओलाइट : हे खनिज सोडियमसारख्या आयनांच्या मोबदल्यात अमोनियम आयन धरून ठेवते. महाराष्ट्रातील बेसॉल्ट खडक झिओलाइट खनिजांसाठी जगप्रसिद्ध आहेत. मोरबे धरणापासून जवळच असलेल्या बोरघाटात लोहमार्गाच्या खोदकामात त्यांचे सुंदर स्फटिक सापडले होते. गाळणीसाठी मात्र त्यांपैकी क्लिनॉप्टिलोलाइट हा प्रकार वापरतात. मिठाच्या द्रावणात भिजविल्यास झिओलाइट धरलेला अमोनियम सोडून देते. त्यामुळे ते पुन्हा वापरता येते. परंतु याच कारणास्तव ठाणे अथवा पनवेल खाडीतील निमखाऱ्या पाण्याच्या कोळंबीसाठी ते निरुपयोगी ठरते.

(३) आयन-विनिमयी रेझिन : काही विशिष्ट रेझिने तांब्यासारखे जड धातू पकडतात. पाणी मृदू करणारी साधी रेझिने मात्र कॅल्शियम व मॅग्नेशियमही काढून घेतात. कात टाकल्यानंतर नवे कवच घट्ट होण्यासाठी कोळंबीस कॅल्शियम आवश्यक असते. 'आर.ओ.' यंत्राचे पाणी क्षार न मिसळता वापरल्यास हीच अडचण उद्भवते.

मर्यादा आणि धोका

अमोनियाची विषारीता पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानास सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्का, तर सामू ८ असताना सुमारे ५ टक्के भाग विषारी रूपात असतो. तापमान वाढल्यास हे प्रमाण आणखी वाढते. सबब उन्हाळ्यात विशेष दक्षता घ्यावी लागते.

नैसर्गिक व्यवस्थेत जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या काचपेटीत प्रारंभापासूनच भरपूर झिओलाइट घातल्यास या जीवाणूंना पुरेसे खाद्य मिळत नाही व त्यांची वाढ खुंटते. पुढे माध्यमाची क्षमता संपते. परंतु त्याचे बाह्य रूप तसेच राहते. पाणी स्वच्छ दिसत असतानाच अमोनिया वाढू लागतो आणि कोळंबी एकामागून एक दगावतात. माध्यमाच्या रूपावर विसंबून न राहता अमोनिया व नायट्राइट यांची नियमित चाचणी करणे हाच यावर खात्रीचा उपाय होय.

समारोप

रासायनिक माध्यम हे जैविक गाळणीचे पूरक आहे, पर्याय नव्हे. प्रथम जीवाणूंची व्यवस्था स्थिर होऊ द्यावी, नळाचे पाणी क्लोरीनमुक्त करूनच घालावे आणि कोणते द्रव्य काढावयाचे हे निश्चित करून मगच माध्यम निवडावे. वापरास प्रारंभ केल्याची तारीख नोंदवून ते वेळीच बदलावे अथवा पुनरुज्जीवित करावे. अल्प खाद्य व थोड्या थोड्या पाण्याची नियमित अदलाबदल यांची जागा कोणतेही माध्यम घेऊ शकत नाही.