धातूंची बोरॉनशी सोयरीक

२००१ सालच्या जानेवारीपर्यंत मॅग्नेशियम डायबोराइड ही रसायने विकणाऱ्यांकडे सहज मिळणारी एक काळपट पूड होती. तिची स्फटिकरचना १९५० च्या दशकातच ठाऊक झाली होती. १९५७ साली अतिशीत तापमानाला तिची उष्णताधारकताही मोजून झाली होती. पण ही पूड थंड केली तर तिच्यातून वीज कशी वाहते, हे कुणी तपासले नव्हते. विजेला अजिबात अडवणार नाहीत असे पदार्थ, म्हणजे अतिवाहक, शोधणारी मंडळी तेव्हा निओबियमच्या संयुगांमागे होती. त्यातल्या निओबियम-जर्मेनियमने १९७३ मध्ये २३ केल्विनचा टप्पा गाठला आणि तो विक्रम पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला.

तोक्योच्या आओयामा गाकुइन विद्यापीठात जुन आकिमित्सु यांच्या गटाने ती तपासणी केली. नागामात्सु नावाचा विद्यार्थी त्या कामात पुढे होता. ३९ केल्विनला, म्हणजे उणे २३४ अंश सेल्सिअसला, रोध नाहीसा झाला. मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. त्याच महिन्यात सिएटलला अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांच्या संमेलनात या एका पुडीवर रात्री उशिरापर्यंत छोटी छोटी भाषणे चालली. प्रयोगशाळांनी आपल्याच कपाटातल्या बाटल्या उघडून तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत पदार्थविज्ञानात याहून चटका लावणारी गोष्ट घडलेली नाही. उत्तर फळीवर होते, विचारणारा यायचा होता.

बोरॉन आपल्याला परके नाही. सोनाराच्या पेटीतला टाकणखार हे बोरॉनचेच लवण. डाग देताना तो वितळतो, धातूवरची ऑक्साइडची पुटे विरघळवून घेतो आणि सांधा स्वच्छ ठेवतो. लहान मुलांच्या तोंडात उबाळा आला की आजी टाकणखाराची लाही मधातून लावायची, तोही हाच. पण टाकणखारात बोरॉन ऑक्सिजनच्या पूर्ण कह्यात असतो. ऑक्सिजन बाजूला सारून बोरॉनची धातूशी थेट गाठ घातली की जे तयार होते ते बोराइड. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांनी विद्युतभट्टीच्या ज्वाळेत अशी काही संयुगे बनवली, आणि तिथून हे घराणे वाढत गेले.

या घराण्याचे सगळे गुण एका उणिवेतून आलेले आहेत. बोरॉनच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन तीनच. शेजारच्या कार्बनकडे चार असतात, म्हणून कार्बन हिरा होतो, ग्राफाइटही होतो. बोरॉनला एक कमी पडतो. धातूंना मात्र इलेक्ट्रॉन सोडायला फारसे जड जात नाही. मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये मॅग्नेशियमचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि ते दोन बोरॉनांत वाटले जातात. उसन्या इलेक्ट्रॉनवर बोरॉन कार्बनसारखा वागू लागतो आणि मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी विणतो. जाळीचा एक पदर, त्यावर धातूच्या अणूंचा थर, पुन्हा जाळी. बोरॉन-बोरॉन बंध दगडासारखे घट्ट, तर मधले इलेक्ट्रॉन धातूसारखे मोकळे. त्यामुळे बोराइडे सिरॅमिकसारखी कठीण आणि उष्णतेला न डगमगणारी असतात, आणि तरीही त्यांतून वीज वाहते. मॅग्नेशियम डायबोराइडची अतिवाहकताही या जाळीच्याच कंपनांतून येते. जड बोरॉन-११ ऐवजी हलका बोरॉन-१० वापरला की संक्रमणाचे तापमान सुमारे एक केल्विनने वर सरकते. अणूचे वजन बदलले, कंपने बदलली, अतिवाहकता बदलली. इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

हीच रचना टायटॅनियमने घेतली की टायटॅनियम डायबोराइड बनते. द्रवणांक ३२०० अंशांच्या वर, घनता पोलादाच्या जेमतेम साठ टक्के. वेफर्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू आपण रोज पाहतो; ती अशी बनते. निर्वात पेटीत टायटॅनियम डायबोराइड आणि बोरॉन नायट्राइड यांच्या मिश्रणाची होडीसारखी छोटी पात्रे असतात. त्यांतून वीज सोडली की ती सुमारे १५०० अंशांपर्यंत तापतात, वर अॅल्युमिनियमची तार सरकत येते, वितळते, वाफ होते, आणि वरून धावणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर तिचा अतिपातळ लेप बसतो. पात्राला वीज वाहता यायला हवी, अॅल्युमिनियमने भिजायला हवे, पण त्यात विरघळून जाता कामा नये. या तिन्ही अटी पाळणारे पदार्थ थोडे.

अॅल्युमिनियमच्या मोठ्या कारखान्यांनाही म्हणूनच या संयुगाची आस आहे. एक किलो अॅल्युमिनियम काढायला १३ ते १५ युनिट वीज लागते. भट्टीच्या तळाचा कार्बन वितळलेल्या अॅल्युमिनियमने भिजत नाही, त्यामुळे धातूचा थर जाड ठेवावा लागतो, तो हिंदकळतो, आणि दोन ध्रुवांतले अंतर कमी करता येत नाही. तळाला टायटॅनियम डायबोराइड असले तर धातू पातळ पसरतो आणि वीज वाचते. पण अॅल्युमिनियम हळूहळू कणांच्या सांध्यांत शिरते आणि तुकडे तडकतात. त्यामुळे अखंड फरशीपेक्षा लेपावरच अधिक भर राहिला.

टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. पण वाळूपासून बोराइडचा भरीव तुकडा मिळेपर्यंतची वाट फार खडतर. जे बंध पदार्थाला टिकाऊपणा देतात तेच त्याचे कण एकमेकांत मिसळू देत नाहीत. शुद्ध पूड दाबून भाजायची तर २००० अंशांच्या आसपास जावे लागते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टायटॅनियम, झिर्कोनियम आणि हाफ्नियमच्या डायबोराइडांवर बरेच काम झाले आहे, आणि थोडे सिलिसाइड मिसळून हे भाजणे सोपे कसे होईल हा त्यातला एक महत्त्वाचा धागा. अणुशास्त्रज्ञांना बोराइडांत रस असण्याचे आणखी एक कारण आहे: नैसर्गिक बोरॉनमधला सुमारे वीस टक्के बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळण्यात पटाईत असतो. हाफ्नियमही न्यूट्रॉन शोषतो. हाफ्नियम डायबोराइडमध्ये दोघे एकत्र येतात.

याच हाफ्नियम डायबोराइडचा द्रवणांक ३३०० अंशांच्या पुढे. अवकाशातून परतणाऱ्या यानाचे नाक बोथट ठेवतात, कारण टोकदार नाक भयंकर तापते. टोकदार नाकाचे यान मात्र अधिक चपळ असते. नासाने १९९७ मध्ये हाफ्नियम डायबोराइड आणि सिलिकॉन कार्बाइडचे टोकदार नाक रॉकेटवर बसवून पाहिले. अडचण हवेची आहे. तापलेल्या बोराइडवर बोरॉन ऑक्साइडची काच धरते, ती ४५० अंशांच्या आसपास वितळून काही काळ पांघरुणासारखी राखण करते आणि मग अकराशे-बाराशेच्या पुढे उडून जाऊ लागते. सिलिकॉन कार्बाइड घातले की जास्त चिवट काच बनते, म्हणून ही जोडी.

हेक्झाबोराइडांची तऱ्हा निराळी. इथे सहा बोरॉनांचे अष्टफलक एकमेकांना जोडून पिंजरा करतात आणि आत एकच धातू बसतो. लँथॅनम हेक्झाबोराइड जांभळे दिसते. १९५१ साली जनरल इलेक्ट्रिकच्या लॅफर्टी यांनी दाखवले की ते तापवले की टंगस्टनपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला भरपूर इलेक्ट्रॉन सोडते. आज अनेक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत याचाच इवलासा स्फटिक उजेड पाडतो. समेरियमचा भाऊबंद मात्र अजून कोड्यात टाकतो: थंड होताना त्याचा रोध वाढत जातो आणि काही केल्विनवर अचानक वाढायचा थांबतो. पृष्ठभागावरून वीज वाहते, हे उत्तर २०१० नंतर पुढे आले. वाद अजून मिटलेला नाही.

कारखान्यात बोराइड पोलादाच्या अंगावरही उगवतात. सुटा भाग बोरॉन कार्बाइडच्या भुकटीत पुरून ९०० अंशांच्या आसपास काही तास ठेवला की बोरॉन लोखंडात शिरतो आणि करवतीच्या दात्यांसारखा आत रुतलेला थर तयार होतो. त्याचे काठिण्य नेहमीच्या कडक केलेल्या पोलादाच्या दुप्पट असते. बोरॉन जास्त झाला तर वर ठिसूळ थर धरतो आणि दोन थरांच्या आकुंचनातल्या फरकाने तडे जातात. म्हणून बोरॉन बेतानेच द्यावा लागतो.

रेनियम डायबोराइडवर फार थांबत नाही. २००७ मध्ये ते जास्त दाबाशिवाय बनवलेले अतिकठीण द्रव्य म्हणून गाजले आणि लगेच वाद झाला, कारण मोठे आकडे अगदी हलक्या भाराखाली मोजले होते. भार वाढवला की काठिण्य घसरते. मला तो वाद रास्त वाटतो.

चुंबकाकडे मात्र थांबायलाच हवे. १९८० च्या आधी चांगला चुंबक म्हणजे समेरियम-कोबाल्ट, आणि कोबाल्ट महाग. जपानी संशोधक मासातो सागावा यांना लोखंडच वापरायचे होते. लोखंडाचे अणू फार जवळ येतात, त्यांच्यात एखादा लहान अणू खुपसला तर अंतर वाढेल, असा त्यांचा कयास. १९८२ मध्ये निओडिमियम-लोह-बोरॉन सापडले, आणि जवळपास त्याच वेळी अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी वेगळ्या वाटेने तेच गाठले. चौदा लोह, दोन निओडिमियम, एक बोरॉन: वजनाने बोरॉन फक्त एक टक्का, पण तो नसेल तर ही रचनाच उभी राहत नाही. पुण्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरीत बहुधा हेच चुंबक असतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा वाहन कारखान्यांची झोप उडाली. अडले होते ते निओडिमियमच्या कुळातल्या या दुर्मीळ धातूंपाशी, बोरॉनपाशी नव्हे.

त्या काळ्या पुडीचे काय झाले? तांब्याच्या ऑक्साइडचे अतिवाहक याहून पुष्कळ वरच्या तापमानाला चालतात, पण त्यांत कणांच्या सांध्यांपाशी प्रवाह अडतो. मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये तो सांधा सहज ओलांडतो. म्हणून पूड धातूच्या नळीत भरायची, नळी ओढून बारीक करायची, तापवायची, की तार तयार. इटलीत हिच्या वेटोळ्यांवर चालणारे, द्रवरूप हेलियम न लागणारे एमआरआय यंत्र बनले. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये २०१४ साली अशा तारांच्या वीस मीटर लांब केबलमधून २४ केल्विनला २०,००० अँपिअर प्रवाह वाहिला. तिथल्या कण-त्वरकाच्या नव्या चुंबकांना वीज पोचवायला अशाच केबल बनवल्या गेल्या. तार ठिसूळ असते, म्हणून एकदा तापवून झाली की ती फार वाकवायची नाही, एवढे जपावे लागते.