गच्चीवरचे सहा साक्षीदार

दिवाळीच्या आदल्या रात्री फराळाचे डबे भरून झाले आणि आम्ही सारे सोलापुरातील आमच्या गच्चीवर वारा खात बसलो. सिद्धेश्वर तलावाकडचे फटाके थंडावले होते. एकाएकी पूर्वेला हिरवट-पांढरा गोळा उजळला. गच्चीवर आमच्या सावल्या पडल्या आणि तीन-चार सेकंदांत, फुलबाजी विझावी तसा तो विझला.

"कोणीतरी गेलं रे!" आई हात जोडून म्हणाली. माझे मामा त्या वेळी बार्शीला आजारी होते, हे सांगायला नकोच. धाकटीने डोळे मिटून देवाकडे काहीतरी मागून घेतले. थोरला म्हणाला, "बाण होता." शेजारचे काका ओरडले, "विमान पेटलं, होटगीकडं पडलं!" मी म्हणालो, गोळा दक्षिणेला गेला, सौभाग्यवती म्हणाल्या, उत्तरेला!

असल्या साक्षीला किंमत ती काय, असे कोणालाही वाटेल. पॅरिसच्या पंडितांनाही एके काळी तसेच वाटे. आकाशातून दगड पडतात, ही त्यांच्या मते खेडवळांची भाकडकथा होती. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल गावाभोवती दोन हजारांहून अधिक दगड कोसळले, तेव्हा जाँ-बातिस्त बिओ हा तरुण शास्त्रज्ञ तेथे गेला. त्याने गावोगाव माणसांना विचारले, दगड कोठे कोठे पडले त्याचा नकाशा केला आणि पंडितांची खात्री पटवली. शेतकऱ्यांची साक्ष जिंकली! आपल्याकडेही २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भर दुपारी अशनी पडले.

आम्ही पाहिला तो अग्निगोल, म्हणजे शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्का. एवढा उजेड पाडणारा खडा सुपारीएवढा, फार तर नारळाएवढा असतो. सेकंदाला काही दशक किलोमीटर वेगाने तो वातावरणात शिरतो आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर पेटू लागतो. म्हणूनच "येथे, मळ्यापलीकडे पडला" असे वाटले, तरी तो दोन-तीन जिल्ह्यांपलीकडे असू शकतो. एंकेच्या धूमकेतूची धूळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात वृषभ राशीतून येताना दिसते. तिच्यातले अग्निगोल प्रसिद्ध आहेत. दिवाळीची अंधारी रात्र त्यांना पाहायला चांगलीच!

मात्र प्रत्येक जळता गोळा उल्का नसतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात अनेकांनी आकाशात जळत्या तुकड्यांची रांग पाहिली. पुष्कळांना ती उल्काच वाटली. पण ती सावकाश, बराच वेळ सरकत गेली होती. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. उल्का सेकंदांत संपते, असे अवशेष रेंगाळतात. ओळखीची खूण एवढीच.

तेव्हा वाचकहो, असा गोळा दिसला, तर आधी घड्याळ पाहा. किती सेकंद दिसला? कोठून निघाला आणि कोठे विझला? झाड, टाकी, कळस अशा खुणा धरून ठेवा. नंतर गडगडाट झाला, तर किती मिनिटांनी तेही लिहा. ध्वनीला पन्नास किलोमीटर यायला अडीच मिनिटे लागतात. दुसऱ्या गावच्या कोणी असेच टिपले असेल, तर दोन्ही दिशा जेथे मिळतात तेथे गोळ्याची जागा आणि उंची सापडते. एकट्याची नजर पुरत नाही. दोन गावांची पुरते.

सकाळी अभ्यंगस्नानानंतर मी सर्वांना रात्रीच्याच जागी बसवून बोट दाखवायला सांगितले. सहापैकी चार बोटे शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे वळली. माझे बोट मात्र चुकले होते, सौभाग्यवतींचे बरोबर! विमान कोठेच पडले नव्हते.

इतक्यात बार्शीहून फोन आला. मामा उठून बसले होते, चकली मागत होते. आई रात्रभर झोपली नव्हती. ती काही न बोलता आत गेली आणि मामांसाठी वेगळा डबा भरू लागली. जाताना म्हणाली, "पुन्हा दिसला, तर मलाही वेळ लिहायला सांग."