उभ्या गाडीच्या काचा आपोआप उतरतात तेव्हा...

रात्री काचा वर करून, कुलूप लावून उभी केलेली मोटार सकाळी पाहावी तर चारही काचा खाली! आत धूळ, पाऊस झाला असेल तर सीटा ओल्याचिंब. अशा वेळी पहिला संशय जातो तो ड्रायव्हरवर. गाडीतून एखादी वस्तू गेली असेल, तर गोष्ट थेट नोकरीवर येते. आपल्यातील कितीतरी घरे ड्रायव्हरच्या पगारावर चालतात. म्हणून यामागची कारणे घरातील सर्वांनी समजून घ्यावीत. यात ना भानामती, ना दरवेळी कोणाचा निष्काळजीपणा.

चारही काचा एकदम उतरल्या असतील, तर आधी किल्ली तपासा. फोक्सवॅगन, स्कोडा व इतरही काही कंपन्यांच्या अनेक गाड्यांत रिमोटचे कुलूप उघडण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले की सर्व काचा खाली येतात. ही सोय मुद्दाम दिलेली असते. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. गाडीत बसण्यापूर्वी आतील गरम हवा बाहेर जावी, हा तिचा हेतू. पण तीच किल्ली खिशात मोबाईलखाली दाबली गेली, किंवा घरात लहान मुलाच्या हाती लागली, तरी काचा उतरतात. मेहरूण तलावावर फिरायला गेलेला माणूस कट्ट्यावर बसला तरी बटण दाबले जाऊ शकते.

खात्री करणे सोपे आहे. गाडीजवळ उभे राहून ते बटण दहा सेकंद दाबून धरा. काचा उतरल्या, तर कारण सापडले. मालकाकडील दुसरी किल्लीही तपासा. ही सोय बऱ्याच गाड्यांत बंद करता येते. गाडीसोबतचे पुस्तक पाहा किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा.

एकच काच उतरत असेल, तर दोष बहुधा त्या दारात असतो. स्विचमध्ये पाणी शिरते, गंज चढतो. दार व बॉडी यांमधील रबरी नळीतल्या वायरी सतत वाकून तुटतात. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकची जोडणीही इलेक्ट्रिशियनला दाखवावी. हाताने फिरवायच्या काचेची मशीन झिजली, तर काच हळूहळू घसरते.

आणखी एक कारण आहे. काही गाड्यांत वर जाणाऱ्या काचेला अडथळा लागला की ती उलट खाली येते. कोणाचा हात किंवा मान अडकू नये म्हणून ही व्यवस्था असते. रबरात धूळ साचली तरी काच फसते. म्हणून काच पूर्ण बंद झाल्याचे पाहूनच गाडी सोडावी.

ड्रायव्हर बंधूंनी तारीख, वेळ, कोणती काच उतरली आणि किल्ली कोठे होती, हे वहीत लिहून ठेवावे. मेकॅनिकला त्यावरून दोष लवकर सापडतो, आणि मालकापुढे बोलायला आधारही राहतो. दुरुस्ती होईपर्यंत गाडीत कागदपत्रे, पैसे ठेवू नयेत. मालकांनीही आधी कारण शोधावे, मगच माणसाला बोल लावावा.