सिकलसेल, पाणथरी आणि लस : टी व बी पेशींच्या सहकार्याविषयीचे गैरसमज

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शुक्ला व सोळंकी यांच्या निबंधाने नागपूर परिसराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाणथरीतील, म्हणजे प्लीहेतील, बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. त्यामुळे अनेक मुलांत हा अवयव क्षीण होत जातो आणि न्यूमोकोकससारख्या, शर्करेचे आवरण असलेल्या जीवाणूंचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. या मुलांना लस कशी तारते, हे टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशींचे नाते समजल्याशिवाय उमगत नाही.

गैरसमज : प्रतिपिंडे तयार करणे हे एकट्या बी पेशींचे काम आहे.

वस्तुस्थिती : जंतूंना चिकटून त्यांना निष्प्रभ करणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, बी पेशींपासूनच निर्माण होतात, परंतु जॅक मिलर व ग्रॅहम मिचेल यांनी १९६८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, थायमस ग्रंथीतून आलेल्या टी पेशींची साथ नसेल, तर हे उत्पादन फारच तोकडे पडते. सहायक टी पेशीवरील ‘सीडी४० लिगँड’ हे प्रथिन ज्या मुलांत जन्मतः सदोष असते, त्यांच्या शरीरात बी पेशी असूनही दीर्घकाळ संरक्षण देणारी आयजीजी प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत.

गैरसमज : दोन्ही पेशी जंतूचा एकच भाग ओळखतात.

वस्तुस्थिती : बी पेशी जंतूच्या पृष्ठभागावरील रेणू आहे तसा ओळखून आत ओढते, त्यातील प्रथिनाचे तुकडे करते आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडते, सहायक टी पेशी फक्त हे तुकडे ओळखते आणि ते जुळले, तरच बी पेशीला वाढीचा व स्मृतिपेशी घडवण्याचा संकेत देते. शुद्ध शर्करेचे असे तुकडे मांडता येत नसल्याने टी पेशीची मदत मिळत नाही, आणि म्हणूनच केवळ शर्करेपासून बनवलेली लस दोन वर्षांखालील बालकांत नीट काम करत नाही. संयुग्म लसीत तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडलेली असते. त्यामुळे शर्करा ओळखणारी बी पेशी सोबतचे प्रथिनही गिळते, त्याचे तुकडे मांडते आणि टी पेशीची मदत मिळवते.

गैरसमज : पाणथरी निकामी झाली, की लस देऊन उपयोग नाही.

वस्तुस्थिती : टी पेशींच्या मदतीविना शर्करेला प्रतिसाद देणाऱ्या बी पेशी मुख्यतः पाणथरीत असतात, त्यामुळे ती वाट अरुंद होते हे खरे; मात्र टी व बी पेशींची भेट शरीरभर पसरलेल्या लसिकाग्रंथींतही होते, म्हणून मांडीत टोचलेली संयुग्म लस जांघेतील ग्रंथींमध्ये आपले कार्य साधू शकते. ही न्यूमोकोकल लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर आली असून ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत दिली जाते.

ही लस न्यूमोकोकसच्या सर्व प्रकारांना रोखत नाही; म्हणून सिकलसेलग्रस्त मुलांना डॉक्टरांनी सांगितलेल्या पुढील लसी आणि प्रतिबंधक पेनिसिलिन नियमित मिळणे अत्यावश्यक आहे, आणि अशा मुलाला ताप आला, तर तो अंगावर न काढता त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.