महागड्या बुटांनी वेग वाढतो का?

पहाटे साडेपाचला देवनहळ्ळीच्या किल्ल्यापाशी धावायला निघाले की सोबतीला तीन गोष्टी असतात. डोक्यावरून खाली उतरणारी विमाने, द्राक्षबागांकडून येणारा गार वारा आणि बेकरीसमोर झोपलेली चार कुत्री. यातल्या शेवटच्या गोष्टीने माझा वेग वाढतो. बाकी कशानेही तो गेल्या दीड वर्षात फारसा वाढलेला नाही. १० किलोमीटरला मला ६८ मिनिटे लागतात, उन्हाळ्यात ७०.

म्हणूनच ऑफिसमधली मैत्रीण जेव्हा म्हणाली, ‘‘माझे जुने कार्बनवाले बूट घेऊन जा, तीन आठवडे वापरून बघ,’’ तेव्हा मी एका पायावर तयार झाले. आमचा नंबर एकच. ती १० किलोमीटर ४८ मिनिटांत धावते. बेंगळुरूची टीसीएस वर्ल्ड १०के ही शर्यत महिन्यावर आली होती आणि आम्ही दोघींनीही नाव नोंदवले होते. तिने स्वतःसाठी नवी जोडी घेतली होती. तिची किंमत ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. एका जोडीला २० हजारांच्या वर! माझे रोजचे बूट साडेतीन हजारांचे आहेत आणि तेही सेलमध्ये घेतलेले.

मग प्रश्न पडला, एवढ्या पैशात नक्की मिळते काय?

बुटाच्या पोटात काय असते?

बाहेरून पाहिले तर हे बूट थोडे विचित्र दिसतात. सोल जाडजूड, पण हातात घेतले तर पिसासारखे हलके. त्या जाड सोलच्या आत चमच्यासारखी वाकलेली कार्बन फायबरची पातळ पट्टी असते. सगळे जण या पट्टीबद्दलच बोलतात, पण खरी करामत आहे ती फोमची. साध्या बुटात ईव्हीए नावाचा फोम असतो. या बुटांत बहुतेकदा ‘पेबा’ नावाचा फोम वापरतात. पाय टेकला की तो दबतो आणि दाबण्यासाठी खर्ची पडलेली बरीचशी ऊर्जा परत देतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजले तेव्हा नव्या सोलने सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत केली, तर ईव्हीएच्या सोलने सुमारे ६६ टक्के. पुढे दुसऱ्या एका प्रयोगात संशोधकांनी आतली कार्बनची पट्टी चक्क कापून टाकली, तरी धावण्याला लागणाऱ्या ऊर्जेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे जाहिरातीत पट्टी मिरवते आणि काम फोम करतो. घरोघरी असेच चालते म्हणा!

या बुटांचा बोलबाला सुरू झाला २०१७मध्ये. नायकेने ‘व्हेपरफ्लाय ४%’ बाजारात आणला. नावातले ४ टक्के म्हणजे धावताना वाचणारी ऊर्जा. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझा इथे केनियाच्या एलियुड किपचोगेने मॅरेथॉनचे अंतर २ तास २५ सेकंदांत पार केले. ऑक्टोबर २०१९मध्ये व्हिएन्नात तो २ तासांच्या आत आला, १ तास ५९ मिनिटे ४० सेकंद. अधिकृत शर्यत नसल्यामुळे तो विक्रम धरला गेला नाही, पण दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिजिड कोसगेईने महिलांचा १६ वर्षे टिकलेला जागतिक विक्रम मोडला. तिच्याही पायात असेच बूट होते. मग ओरड झाली की ही शर्यत माणसांची आहे की बुटांची? २०२०च्या जानेवारीत जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने नियम केला की रस्त्यावरच्या शर्यतीत सोलची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पट्टी एकच हवी. ४० मिलिमीटर म्हणजे ४ सेंटिमीटर. एवढ्या उंचीची सँडल घालून मी लग्नातही जपून चालते.

किमतीचा कळस झाला २०२३मध्ये. इथियोपियाच्या टिगस्ट असेफाने बर्लिनला २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांचा विक्रम केला तो आदिदासच्या १३८ ग्रॅमच्या बुटात. किंमत ५०० डॉलर आणि उपयोग जेमतेम एका मॅरेथॉनपुरता. आपल्याकडे एवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांचे दोन-तीन वर्षांचे बूट होतील.

पहिली सकाळ

पहिल्या दिवशी मी ते बूट घालून घराच्या गेटबाहेर आले तर तोलच जाईना. जिना उतरताना रेलिंग धरावे लागले. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आंटी रांगोळी काढत होत्या. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, ‘‘हुषारु!’’ कन्नडमध्ये याचा अर्थ जपून. माझ्या कन्नडमधल्या मोजक्या शब्दांपैकी हा एक.

पण धावायला लागले आणि खरेच, काहीतरी वेगळे वाटले. प्रत्येक पावलाला कुणीतरी खालून हलकेच उचलून देत होते. पहिला किलोमीटर मी नेहमीपेक्षा २० सेकंद लवकर संपवला. कुत्री उठायच्या आत बेकरी मागे पडली. ५ किलोमीटर झाल्यावर पोटऱ्याही तेवढ्या दुखत नव्हत्या. मी आनंदात घरी फोन केला.

आई सांगलीहून म्हणाली, ‘‘बुटांना २० हजार? अगं, बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या की! आणि ती सावरपाड्याची कविता राऊत?’’

आईचे म्हणणे नेहमीच अर्धे बरोबर असते. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्यात अनवाणी धावून तयार झाली आणि २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. लता करे साठी उलटल्यावर धावल्या त्या नवऱ्याच्या उपचारांसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपटही निघाला. पण या दोघी अनवाणी धावल्या ते अनवाणी धावणे चांगले म्हणून नव्हे. अनवाणी पायांचे कौतुक आपण बूट घालून करतो हे मला जरा खटकते. मी आईला एवढेच म्हटले, ‘‘त्यांना बूट मिळाले असते तर त्यांनी नाकारले नसते.’’ आई म्हणाली, ‘‘मिळाले असते तर २० हजारांचे घेतले नसते.’’ यावर मला उत्तर सुचले नाही.

४ टक्के कोणाचे?

त्या रात्री मी ४ टक्क्यांचा तो अभ्यास शोधून वाचला. त्यात १८ धावपटू होते, सगळे पुरुष आणि १० किलोमीटर ३२ मिनिटांच्या आत धावू शकणारे. त्यांना ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने धावायला लावले होते. माझा वेग ताशी ९ किलोमीटरही नाही!

हळू धावणाऱ्यांवरचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियाही होत्या. ताशी १२ किलोमीटर वेगाला सरासरी १.४ टक्के ऊर्जा वाचली आणि ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्के. माझ्या ६८ मिनिटांतून ०.९ टक्का काढला तर हाती येतात ३५ ते ४० सेकंद. तेही कागदावर, कारण ऊर्जा वाचली म्हणजे तेवढाच वेळ वाचतो असे नाही. गंमत म्हणजे मैत्रिणीच्या ४८ मिनिटांवर १.४ टक्के काढले तरी सेकंद जवळपास तेवढेच निघतात. पण तिला ४८च्या आत यायचे होते, त्यासाठी ती सहा महिने झटत होती. मला कशाच्या आत यायचे होते?

शिवाय सरासरी ही सरासरीच. २०२३च्याच आणखी एका अभ्यासात केनियाच्या ७ अव्वल धावपटूंना असे बूट दिले, तर कुणाला जवळजवळ ११ टक्के फायदा झाला आणि कुणाला तेवढाच तोटा. तुमचा पाय यांतल्या कोणत्या गटातला हे दुकानातला मुलगा सांगू शकत नाही.

तरी मी हट्टाने धावत राहिले. चूक माझीच. हे बूट शर्यतीच्या दिवसासाठी असतात आणि मी ते आठवड्यातून चार वेळा घातले. वर देवनहळ्ळीचे रस्ते! मेट्रोच्या जाहिरातीतल्यासारखे गुळगुळीत रस्ते विमानतळाच्या बाजूला असतील, आमच्या गल्लीत दर शंभर पावलांवर स्पीडब्रेकर आणि मध्ये खडी. मऊ, उंच सोलवर वळताना पाय आतल्या बाजूला कलंडायचा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका वळणावर तो चांगलाच कलंडला. संध्याकाळपर्यंत पायाच्या कमानीच्या वर, आतल्या बाजूला ठणका लागला.

आता माझे धाबे दणाणले, कारण वाचण्याच्या नादात मी तेही वाचले होते. २०२३मध्ये डॉक्टरांच्या एका गटाने पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. कार्बनचे बूट वापरणाऱ्या या धावपटूंच्या नेव्हिक्युलर हाडाला ताणामुळे इजा झाली होती. हे छोटे हाड नेमके तिथेच असते जिथे मी बोट ठेवून बसले होते. पाच रुग्णांवरून बूट दोषी ठरत नाहीत, हे त्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. पण रात्री बर्फाची पिशवी पायावर धरून बसलेल्या मुलीला असा समतोल विचार सुचत नाही. नव्या शहरात एकटी राहताना पाय मोडला तर पाण्याचा कॅन वर कोण आणणार, इथपासून विचार सुरू होतात.

फिजिओथेरपिस्टने पाय दाबून पाहिला, एका पायावर उभे राहायला लावले. हाडाला काही नव्हते, स्नायू ताणला होता. आठ दिवस धावणे बंद. ती म्हणाली, ‘‘तुमची पावले टाचेवर पडतात आणि घोटे कमजोर आहेत. आधी रोज एका पायावर उभ्या राहून दात घासा.’’ हा व्यायाम फुकट आहे.

घ्यायचेच असतील तर

तुम्ही १० किलोमीटर ५० मिनिटांच्या आसपास धावत असाल, पायाला जुने दुखणे नसेल आणि पैसे सहज बाजूला पडत असतील तर हे बूट जरूर घ्या. मौज असतेच आणि मौजेसाठी खर्च करण्यात गैर काही नाही. पण आधी कुणाचे तरी घालून बघा, नाहीतर दुकानात संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. नुसते उभे राहू नका, आठचा आकडा काढत वळून बघा. यातली बरीच मॉडेल युनिसेक्स असतात, म्हणजे नंबर पुरुषांच्या मापाचे. आपल्यापैकी अनेकींना ते टाचेला सैल होतात आणि सैल टाच या उंचीवर धोक्याची. सुरुवातीला २-३ किलोमीटर, आठवड्यातून एकदाच. भाजी आणायला तर अजिबात घालू नका.

नुकतेच धावायला लागला असाल तर त्याच पैशात साधे चांगले बूट, नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि फिजिओथेरपिस्टची एक भेट सहज होते. स्पोर्ट्स ब्रावर आपण सर्वांत कमी खर्च करतो आणि सर्वांत जास्त त्रास तिथेच सोसतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शर्यतीच्या दिवशी मी माझे साडेतीन हजारांचे बूट घातले. कब्बन रोडवर एवढी गर्दी होती की पहिला किलोमीटर धावणे कमी आणि कोपर चुकवणेच जास्त. आठ दिवसांच्या विश्रांतीमुळे दम लवकर लागला, शेवटी थोडे चालावेही लागले. ६९ मिनिटे १० सेकंद. मैत्रीण नव्या बुटांत ४७ मिनिटे ३२ सेकंदांत आली आणि अंतिम रेषेपलीकडे केळे खात माझी वाट बघत उभी होती. मी तिच्या जुन्या जोडीची पिशवी तिच्या हातात दिली. तळवे पुसून, लेस धुऊन आणले होते.

घरी पोहोचल्यावर आईचा फोन आला. तिने वेळ विचारली नाही, पाय कसा आहे ते विचारले.