महालात चूल कुठे असते?

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या अकरा जणी बऱ्हाणपूरला जाऊन आलो. लग्नकार्य नाही, देवदर्शन नाही, दवाखाना नाही, नुसतंच पाहायला. घरी हे सांगताना जीभ जड झाली होती. "पडक्या भिंती पाहायला गाडीभाडं घालवायचं?" असं एकीच्या घरचे म्हणाले. ती तरीही आली, म्हणून ही कहाणी आहे.

शिरपूरहून चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर करत रस्ता थेट बऱ्हाणपूरला जातो. रावेरकडे दोन्ही बाजूंना केळीच केळी. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण एकेकाळी ती आपल्या खानदेशाची राजधानी होती. त्याच्याही आधीची गादी तर आपल्या शिरपूर तालुक्यातच होती. तापीकाठचं थाळनेर ते. 1370 साली दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर जहागीर दिलं. त्याचा वंश खानदेशावर दोनशेहून जास्त वर्षं राज्य करत राहिला. मलिक राजाच्या मुलाने, नासिर खानाने, बऱ्हाणपूर वसवलं. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. थाळनेरला त्यांच्या कबरी आजही आहेत. आपण शेजारून जातो आणि मान वळवून पाहत नाही.

बऱ्हाणपूरचा शाही किल्ला तापीच्या अगदी काठावर आहे. सात मजली होता म्हणतात, आज बराचसा ढासळलेला आहे. आम्ही आत शिरलो, वर गेलो, खाली नदी पाहिली, फोटो काढले, आणि दहा मिनिटांत पाहून झालं. आता काय? तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढा मोठा महाल, मंग चूल कोठे शे वं?"

आम्ही हसलो खरं. पण त्या प्रश्नानंतर आम्ही महाल पुन्हा पहिल्यापासून पाहिला, आणि या वेळी दोन तास लागले. पाणी कुठून येत असेल? धूर कुठून जात असेल? बाया कोणत्या दाराने येत-जात असतील? राणीला नदी दिसायची, पण नदीवरच्या माणसाला राणी दिसायची का? घर चालवणारीला हे प्रश्न आपोआप सुचतात. ते विचारले की दगडविटांचा ढीग घर दिसायला लागतो.

चूल काही सापडली नाही. पाणी मात्र सापडलं. तिथला हमाम, म्हणजे न्हाणीघर, अजून शाबूत आहे. शाहजहानने मुमताजसाठी तो बांधला असं तिथे सांगतात. मधोमध हौद, आणि मान वर केली की छतभर रंगीत वेलबुट्टी आणि चांदण्यांची नक्षी. रंग कुठे उडालेत, कुठे अजून ओले वाटतात. आम्ही तर चक्क खाली बसून पाहिलं, कारण उभ्याने मान दुखते. मोगलांच्या काळी न्हाणीघर म्हणजे फक्त आंघोळीची जागा नव्हती. थंडाव्यात बसून खाजगी मसलती तिथेच चालायच्या.

आणि शहराला पाणी कसं यायचं? सातपुड्याचं जमिनीखाली झिरपणारं पाणी बोगद्यात गोळा करायचं आणि उताराने गावाकडे आणायचं. बोगद्याच्या माथ्यावर एका ओळीत शंभरावर विहिरी खोदल्या. त्याला कुंडी भांडारा म्हणतात. सुभेदार अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, 1615 च्या सुमारास, हे काम झालं. ना मोटर, ना वीज, फक्त उतार. ज्यांनी डोक्यावर हंडे वाहिलेत त्यांना या कामाची किंमत आम्ही काय सांगावी?

घरी आल्यावर काकूंचा प्रश्न डोक्यातून जाईना. चूल दिसेल असा महाल जगात आहे तरी का? रेडिओ केंद्रावरच्या ताईंनी पुस्तकं दिली, मोबाइलवर चित्रफिती दाखवल्या, आणि आम्ही बसल्या जागी तुर्कस्तानात पोहोचलो. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा. उस्मानी सुलतानांनी 1459 पासून तो बांधायला घेतला. आज तिथे संग्रहालय आहे आणि जगभरचे प्रवासी रांगा लावून पाहतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते म्हणे. उंच नाही, सात मजले नाहीत. बैठी दालनं आणि एकामागे एक चार चौक. आम्हाला मात्र लगेच ओळख पटली, कारण आपला जुना वाडा असाच असतो! पहिला चौक सगळ्यांना मोकळा, जसं आपलं अंगण. दुसऱ्यात दरबारी कारभार, जशी ओसरी. तिसऱ्यात सुलतान आणि त्याची खास माणसं, जसं माजघर. चौथ्यात बाग आणि बसायचे मंडप, जसा आपला परस. जसजसं आत जावं तसतसा दार ओलांडण्याचा मान कमी जणांना. भिंत किती उंच यापेक्षा कोणाला कुठपर्यंत येऊ देतात यातून तिथे सत्ता दिसते. आणि बाईला हा हिशेब शिकवावा लागत नाही. कोणता पाहुणा ओसरीवर बसवायचा आणि कोणती सोयरीण थेट चुलीपाशी न्यायची, हे आपल्याला पाठच असतं.

आणि चूल? दुसऱ्या चौकात, अगदी समोर! लांबच लांब मुदपाकखाना आणि वर धुराड्यांच्या दोन ओळी. 1574 च्या आगीनंतर सिनान नावाच्या थोर स्थापत्यकाराने तो पुन्हा उभारला. मोठमोठ्या मशिदी बांधणारा माणूस, पण धूर कसा बाहेर काढायचा याचाही त्याने तेवढाच विचार केला. राजवाड्याची लांबून ओळख पटते ती या धुराड्यांनीही. काकूंना चित्र दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हां, याला म्हणतात घर."

तिथल्या जनानखान्यात तीनशेहून अधिक खोल्या आहेत. भिंतींवर निळ्या-हिरव्या फुलांच्या चकचकीत फरश्या, इझनिक गावच्या भट्टीतल्या. सुलतानाच्या दालनात भिंतीत कारंजं आहे. शोभा आहेच, पण पाण्याच्या आवाजात आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नसे असं सांगतात. आणि या सगळ्या खोल्यांमध्ये मोक्याची जागा राणीची नाही, तर सुलतानाच्या आईची! आमच्यातल्या सासवा हे ऐकून खूश झाल्या, सुना गप्प बसल्या.

न्हाणीघरांत एक फरक आढळला. बऱ्हाणपूरला मधोमध हौद आहे. तुर्की हमामात सहसा साठवलेलं पाणी नसतं. भिंतीलगत नळ आणि दगडी कुंड्या, त्यातून तांब्याने अंगावर घ्यायचं, कारण वाहतं पाणी स्वच्छ मानलं जातं. मधोमध गरम दगडी ओटा. आग भिंतीआड पेटवायची, तिची ऊब फरशीखालून फिरते. घुमटाला काचेची छोटी भोकं, म्हणजे उजेड आत येतो, नजर येत नाही.

आता थोडं जड बोलायचं आहे. ज्या मुमताजच्या नावाने तो हमाम दाखवतात, ती त्याच बऱ्हाणपुरात 1631 च्या जूनमध्ये वारली. चौदाव्या बाळंतपणात. वय अडतीस. मूल जगलं, मुलगी होती. नदीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं, काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. हकीम, दासी, सोनं, सगळं हाताशी असून ती वाचली नाही. हे ऐकताना आमच्यातल्या एकीला आपली थोरली बहीण आठवली. ती काही बोलली नाही, हमामाच्या पायरीवर बसून राहिली. आम्हीही बसलो.

उस्मानी घराण्याची एक गोष्ट याला जोडूनच आहे. 1924 साली तुर्कस्तानने त्या घराण्याला देशाबाहेर घातलं. त्यातल्या दोघी मुली, दुर्रुशेहवार आणि निलोफर, 1931 मध्ये हैदराबादच्या निजामाच्या सुना झाल्या. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. पुढे निलोफरची एक दासी बाळंतपणात दगावली. निलोफरने तिथे बाया-मुलांसाठी दवाखाना उभा राहावा म्हणून खटपट केली. हैदराबादचं निलोफर हॉस्पिटल आजही चालू आहे. महालात वाढलेल्या बाईने बांधलेल्यांत आम्हाला हीच इमारत जास्त आवडली, अजून पाहिली नसली तरी.

बऱ्हाणपूरला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. पाणी आणि भाकरी बरोबर घ्या. वाटेत बायांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे आधीच विचारून ठेवा, आमची त्यावाचून फार अडचण झाली. हमामात गेल्यावर आधी खाली बसा, मग वर पाहा. आम्ही आता येत्या महिन्यात थाळनेरला जातोय, भाडं फार नाही. काकूंनी तर आत्तापासूनच विचारायला सुरुवात केली आहे, तापीचं पाणी तिथे गडावर कसं चढवत असतील म्हणून.