सावकाश धावण्याची गोडी



शेतकी खात्याच्या या पानावर आपण दर महिन्यास बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते, तोडणीचा कार्यक्रम असेच वाचत आला आहात. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. गट ऑफिसात हे कानावर जाताच एकाने आम्हांस विचारले, "साहेब, एकरी टन वाढवायचं सोडून सभासदांना पळायला शिकवता होय?" वाढवायचेच आहेत. पण ते वाढविणारा माणूस शाबूत राहिला पाहिजे, हेही काम आमच्या खात्याचेच आहे असे आम्ही समजतो.

प्रथम आमची हकीकत सांगतो. दोन वर्षांपूर्वी गळीत हंगामाच्या तोंडावर साईटवर आरोग्य तपासणीचे शिबिर होते. आम्ही व्यवस्था पाहायला गेलो होतो; डॉक्टरांनी आग्रह केला म्हणून बोट पुढे केले. उपाशीपोटी साखर ११८ निघाली आणि रक्तदाब १४६ बाय ९४. "अजून मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहात," असे डॉक्टर म्हणाले. साखर कारखान्यातल्या माणसाची साखर वाढली म्हणून कॅन्टीनमध्ये पुढे आठ दिवस हशा चालला होता. आम्हीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेले नाही. आमच्या वडिलांचा डावा पाय याच दुखण्यात घोट्याच्या वर काढावा लागला होता. सगळे आयुष्य पाण्याच्या पाळ्या धरलेला तो माणूस शेवटची सहा वर्षे ओट्यावर बसून लांबून बांधाकडे बघत राहिला.

दुसऱ्याच दिवशी बूट आणले आणि पहाटे कारखान्याच्या मैदानावर गेलो. पळणे म्हणजे आम्हांला ठाऊक होती ती शाळेतली शंभर मीटरची शर्यत. कुत्रे मागे लागल्यासारखे सुटलो. दीड फेरीत छाती फुटायची वेळ आली, तोंडाला लोखंडाची चव आली. तरी हट्टाने आठ दिवस तेच केले. नवव्या दिवशी दोन्ही नडग्या अशा ठणकू लागल्या की मोटारसायकलची किक मारवेना. बूट कोपऱ्यात गेले आणि पळणे आपल्या वयाचे काम नव्हे असे आम्ही ठरवून टाकले.

डिसेंबरात पुन्हा उचल खाल्ली. या खेपेस कारखान्याकडे येणाऱ्या रस्त्यावर. पुढे उसाने भरलेली एक बैलगाडी चालली होती. आम्ही तिला मागे टाकून पुढे गेलो, धापा टाकीत थांबलो. गाडी आपली घुंगरे वाजवीत आम्हांला ओलांडून गेली. पुन्हा पळालो, पुन्हा थांबलो. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी गाडीवान दादांना राहवेना. बीडकडचे गृहस्थ. म्हणाले, "सायेब, कुठं एवढी घाई करायलाव? माझ्या बैलाला असं हाणलं तर दोन म्हैन्यांत बसंल की. गाडीच्या संगं चला." आम्ही जरा ओशाळलो, पण गाडीच्या बाजूने, चालीपेक्षा जेमतेम उचलत, पावले टाकू लागलो. बोलत बोलत वजनकाट्यापर्यंत आलो. तब्बल पंचवीस मिनिटे न थांबता! धाप नाही, कळ नाही. रात्री दोनपासून थंडीत राबणाऱ्या माणसाकडून आम्ही हौसेखातर पळण्याचा धडा घेतला, याची थोडी लाजही वाटली, तीही येथे नमूद करतो.

असे का होते, ते पुढे डॉक्टरांकडून व वाचनातून समजून घेतले. आपल्याला ते बॉयलरच्या उदाहरणाने चटकन कळेल. बॉयलरमध्ये बगॅस भसाभस लोटला आणि वारा कमी पडला की चिमणीतून काळा धूर निघतो. जळण जाते आणि त्या मानाने वाफ मिळत नाही. शरीराचेही काहीसे तसेच. सावकाश धावताना श्वासातून मिळणारा प्राणवायू पुरतो, आणि स्नायू चरबी व साखर दोन्ही मिळून नीट जाळतात. वेग वाढला की प्राणवायूचा पुरवठा तोकडा पडतो, साखरच भराभर जळू लागते, रक्तात आम्ल साचते आणि धाप लागते. अंगात साठविलेली साखर असते जेमतेम अर्धा किलो, चरबी मात्र किलोंनी. जो हळू धावतो त्याचा साठा मोठा. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. आमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसाला फायदा मिळतो तो येथेच.

दुसरी गोष्ट मुळांची. आडसाली लागण केल्यावर पहिले दीड-दोन महिने वर फारसे काही दिसत नाही, म्हणून कुणी कोंब ओढून लांब करीत नाही. खाली मुळ्या धरत असतात, मागाहून फुटवे येतात, बांधणी तर त्याच्याही नंतर. सावकाश धावण्याने हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त फेकले जाऊ लागते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्या वाढतात. यातले बाहेरून काही दिसत नाही. आणि घोटाळा असा, की दम काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडे आणि शिरबंध तयार व्हायला महिने लागतात. दम आला म्हणून माणूस जोर करतो आणि नडगी दगा देते. आमचे तर दम यायच्या आधीच तसे झाले, ही गोष्ट निराळी.

ही विद्या काही आजची नाही. न्यूझीलंडात ऑकलंड येथे आर्थर लिडियार्ड नावाचे बुटांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ होते. त्यांनी आपल्या भागातील पोरांना आठवड्याला १०० मैलांपर्यंत लांब धावणे करायला लावून तयार केले. २ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्यांतल्या पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी मिळविले. पण आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यांचे पुढचे काम. त्यांनी मध्यमवयीन, पोट सुटलेल्या, काही तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या लोकांना गप्पा मारीत सावकाश पळायला लावले. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले. वय ५१, आपण तंदुरुस्त आहोत अशी समजूत. त्या मंडळींबरोबर धावायला निघाले आणि मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकारातून उठलेले एक आजोबा त्यांच्यासाठी थांबत थांबत, सोबत करीत आले! बॉवरमन यांनी परत जाऊन १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या जोडीने या सावकाश धावण्यावर पुस्तक लिहिले आणि ते वेड अमेरिकाभर पसरले. जपानात फुकुओका विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोआकी तनाका यांनी याच चालीला 'निको निको' असे नाव दिले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हसतमुख. चेहऱ्यावर हसू टिकेल तेवढाच वेग. ताशी चार-पाच किलोमीटर असला तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आमच्या गाडीवान दादांच्या जवळपासच!

आता करायचे कसे? आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, अर्धा तास काढावा. पहिली पाच मिनिटे नुसते चालावे. मग एक मिनिट हळू धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आलटून पालटून. दोन आठवडे निभले तर धावणे दीड-दोन मिनिटांवर न्यावे. घाई नाही. पाऊल लांब टाकू नये; आखूड पावले, अंग सैल, खांदे खाली. वेग बरोबर आहे की नाही हे पाहायला घड्याळ लागत नाही. शेजाऱ्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. एकटे असाल तर खोडव्याच्या खतांच्या मात्रा मोठ्याने म्हणून पाहाव्यात. मध्येच श्वास तुटला की वेग कमी करावा. कुणी चालत पुढे गेला तर जाऊ द्यावे. आम्हांला सुरुवातीस दूध घालायला जाणाऱ्या मावशीही मागे टाकीत. पहिले पंधरा दिवस जड गेले, मग सवय झाली, मग मजा येऊ लागली.

आणि ती मजा सांगितलीच पाहिजे, कारण निव्वळ औषध म्हणून कुणी वर्षभर धावत नाही. कॅनॉलच्या पट्टीने उजाडताना निघालो की पाचटावरचे दव दिसते, कुठल्या वाफ्यात पाणी पोचले नाही ते दिसते. मोटारसायकलवरून वीस वर्षे ज्या रस्त्याने गेलो, तो आम्ही पाहिलाच नव्हता असे वाटू लागले. गेल्या मे महिन्यात एका खोडव्याच्या प्लॉटजवळून रमतगमत जाताना कडेच्या बेटात काळा चाबूक डोलताना दिसला. चाबूक काणी! त्याच दिवशी मालक तात्यांना बोलावून पट्टे पोत्यात अलगद धरून कापले, बेटे मुळासकट काढून जाळली आणि त्या प्लॉटचे बेणे कुणी नेऊ नये अशी नोंद केली. गाडीवरून जाताना ते खात्रीने नजरेतून सुटले असते. भत्त्याच्या फॉर्मवर ही तपासणी दाखवावी की काय, असे क्षणभर मनात आले.

काही सभासद म्हणतात, आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला पळायची गरज काय? पूर्वी हे खरे होते. आता नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, मोटार मोबाईलवरून, आणि बांधापर्यंत मोटारसायकल. ज्यांचे अंग अजून खरोखर राबते, त्यांना आमचा आग्रह नाही. भगिनींविषयी मात्र वेगळे सांगावेसे वाटते. त्यांचे कष्ट कमी नाहीत, पण स्वतःसाठी म्हणून अर्धा तास त्यांना कुणी देत नाही. आमच्या घरी सकाळचा चहा आणि डबा आठवड्यातून तीन दिवस आम्ही बघतो, तेव्हा त्या बाहेर पडतात. शेजारच्या दोन काकीही आता येतात, लुगड्यावर आणि कॅनव्हासच्या बुटांत. पोरे पहिल्या आठवड्यात हसली, नंतर कंटाळली.

काही गोष्टी मात्र सक्त लक्षात ठेवाव्यात. चाळिशीपुढील मंडळींनी, तसेच रक्तदाब, मधुमेह वा छातीचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. धावताना छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, चक्कर असे काही झाले तर तेथेच थांबून दवाखाना गाठावा. पित्त समजून घरी पडून राहू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटून थरथर वाटले की खावी. अशांनी अनवाणी धावू नये आणि रोज रात्री तळपाय तपासावा. आमच्या वडिलांचे दुखणे एका न कळलेल्या काट्यापासून सुरू झाले होते.

हंगामात अंधारात रस्त्यावर उतरूच नये. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, चालक रात्रभर जागलेला. त्याला तुम्ही दिसत नाही. उसाच्या कडेनेही उजाडल्याशिवाय जाऊ नये. जुन्नर, शिरूर, संगमनेर भागांत बिबट्यांनी उसातच बस्तान ठेवले आहे, आणि आपल्याकडेही ऊस काही कमी नाही. एकट्याने न जाता दोघे-तिघे मिळून जावे.

आमचा आकडा विचाराल तर गेल्या शिबिरात उपाशीपोटी साखर १०१ आली आणि रक्तदाब १३२ बाय ८४. जेवणातला भात आणि चहातली साखरही आम्ही कमी केली आहे, तेव्हा सगळे श्रेय पळण्याला देत नाही. वजन जेमतेम तीन किलो उतरले. नडगी पुन्हा दुखलेली नाही.

सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी उजाडल्यावर आम्ही कारखान्याच्या मैदानावर असतो. सध्या सातजण येतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव सांगावे, नाहीतर सरळ यावे. नवीन बुटांचा खर्च लगेच करू नये. पायाला न चावणारा जुना जोड महिनाभर पुरतो. शर्यत लावणाऱ्यांसाठी मैदानाची दुसरी बाजू मोकळी आहे.

– ऊस विकास अधिकारी